रेनेसाँ काळातल्या बायकांच्या फॅशनच्या जुन्या रंगीत प्रिंट्स: कशा वाचायच्या, कशा ओळखायच्या, कशा सांभाळायच्या

रेनेसाँ म्हणजे युरोपातलं साधारण पंधरावं-सोळावं शतक. ऑनलाइन लिलावात नेहमी दिसणारी जाहिरात म्हणजे "व्हेनिसची उमराव स्त्री, १५८१, हाताने रंगवलेली ओरिजिनल अँटिक प्रिंट". किंमत बघून वाटतं की अरे वा, सव्वाचारशेहून जास्त वर्षांचा कागद एवढ्या स्वस्तात! पण बहुतेक वेळा ते साल कपड्यांचं असतं. कागद दोनशे वर्षांनंतरचा निघतो आणि रंग तर कधीकधी त्याच्याही नंतरचा. म्हणून अशी प्रिंट हातात आली की तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, कपडे कधीचे, छपाई कधीची आणि रंग कधीचा. तिन्हीची उत्तरं एकच असलेली प्रिंट क्वचित मिळते आणि मिळाली तर महाग असते. बाकीच्या वाईट असतात असं अजिबात नाही हं, १८३० मधली सुंदर रंगवलेली प्रिंट घरात लावायला मस्तच, फक्त ती १८३० ची म्हणून आणि १८३० च्या भावाने घ्यायची.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधा टॉर्च, जमलं तर छोटा यूव्ही टॉर्च आणि मोजपट्टी. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, क्रीम लावलेलं नको.

पहिली पायरी: छापलंय कसं ते बघा

रंगाकडे आधी बघू नका, रंग डोळ्यांना फसवतो. आधी काळ्या रेषा बघा. सोळाव्या शतकात दोनच पद्धती महत्त्वाच्या, लाकडी ठसा म्हणजे वुडकट आणि तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीव काम. वुडकटची रेष जाडसर असते, भिंगाखाली तिच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकल्यासारखी दिसते आणि कागद उलटा करून टॉर्च आडवा मारला तर पाठीमागे रेषांचे हलके उठाव दिसतात. तांब्याच्या कामात रेष बारीक, टोकाला निमुळती होत जाणारी, आणि चित्राच्या चारी बाजूंनी पत्रा दाबल्याची खोलगट चौकट असते, तिलाच प्लेटमार्क म्हणतात. समास कापून टाकले असतील तर प्लेटमार्क गेलेला असतो, तेवढ्यावरून लगेच नकली ठरवू नका.

शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफ, १७९६ च्या सुमारास बव्हेरियात झेनेफेल्डरने शोधली, त्यामुळे रेष खडूसारखी दाणेदार असेल आणि कुठेच दाब नसेल तर कपडे कितीही जुने असोत, कागद त्या सुमाराच्या मागे जात नाही. आणि भिंगाखाली ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसली, अगदी आजच्या मासिकात दिसते तशी, तर ते ऑफसेट पोस्टर आहे, विषय संपला.

सगळ्यात जास्त फसवणूक क्रोमोलिथोग्राफची होते. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून रंगच छापलेला असतो, हाताने काहीच नाही. राजा रवि वर्मांच्या प्रेसने १८९४ पासून मुंबईत आणि नंतर मळवलीला ज्या पद्धतीने देवदेवतांच्या तसबिरी छापल्या तीच ही, त्यामुळे घरात तशी जुनी तसबीर असेल तर तिच्यावर भिंग धरून बघा, रंगीत बारीक ठिपके एकमेकांवर चढलेले दिसतील आणि मग कुठलीही क्रोमोलिथो ओळखता येईल. पॅरिसच्या ओग्यूस्त रासिनेचा प्रचंड वेशभूषासंग्रह १८७६ ते १८८८ मध्ये निघाला, ५०० प्लेट्स (म्हणजे चित्रांची पानं), त्यातल्या ३०० रंगीत, सोनेरी-चंदेरी शाईसकट. त्याची सुटी पानं बाजारात ढिगाने आहेत आणि निम्मे विक्रेते त्यांना बिनधास्त "हँड कलर्ड" म्हणतात. प्लेट्स सुंदरच आहेत, पण त्यावर ब्रश फिरलेला नाही.

दुसरी पायरी: पान कुठल्या पुस्तकातलं?

यातल्या जवळजवळ सगळ्या प्रिंट्स मुळात पुस्तकातली पानं असतात. पुस्तक फाडून पानं सुटी विकणं हा जुना धंदा आहे, मला तो आवडत नाही, पण झालंय ते झालंय. निदान पान कुठलं ते कळलं पाहिजे.

वेशभूषेची छापील पुस्तकं १५६२ मध्ये पॅरिसला फ्रांस्वा देप्रेच्या संग्रहापासून सुरू झाली असं धरतात. मग लाटच आली, न्यूरेंबर्गला हान्स वायगेलचं पुस्तक १५७७ मध्ये, अब्राहम द ब्रुइनच्या तांब्याच्या प्लेट्स त्याच सुमारास, आणि योस्ट आमानचं फक्त बायकांच्या पोशाखांचं पुस्तक फ्रँकफुर्टला १५८६ मध्ये. पाडुआच्या पिएत्रो बेर्तेल्लीने तर गंमतच केली, त्याच्या एका प्रिंटमधल्या व्हेनिसच्या गणिकेचा घागरा वेगळ्या कागदाचा आहे, तो वर उचलला की आत पुरुषी तुमान आणि उंचच उंच पादत्राणं दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमकडे त्याची प्रत आहे.

पण नाव लक्षात ठेवायचं असेल तर चेझारे वेचेल्लिओचं. हा स्वतः चित्रकार आणि व्हेनिसच्या प्रसिद्ध चित्रकार तित्सियानोचा (इंग्रजीत टिशियन) नातलग. त्याचं पुस्तक व्हेनिसला १५९० मध्ये आलं, चारशेच्या वर वुडकट्स, आणि दुसरी वाढवलेली आवृत्ती १५९८ ची. पानाच्या मजकुरावरून आवृत्ती ओळखता येते: नुसती इटालियन असेल तर बहुधा १५९०, इटालियनबरोबर लॅटिन असेल तर १५९८, आणि इटालियनबरोबर फ्रेंच असेल तर ते पॅरिसच्या फिर्मां दिदोने १८५९-६० ला काढलेलं पुनर्मुद्रण. या एका खुणेने बरेच पैसे वाचतात, कारण दिदोची पानं नक्षीदार चौकटीमुळे एकदम जुनी वाटतात आणि नंतर कोणीतरी रंगवली की आणखीच.

नकाशेवाल्यांकडेही बघा. ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या शहरांच्या अ‍ॅटलसमध्ये, पहिला खंड १५७२ चा, बऱ्याच शहरांसमोर तिथल्या बायका-पुरुष उभे केलेत. पाचव्या खंडातल्या इंग्लंडच्या नॉनसच राजवाड्याच्या प्लेटखाली इंग्लिश बायकांची अख्खी रांगच आहे. या अ‍ॅटलसच्या प्रती त्या काळीच रंगवून मिळायच्या, त्यामुळे खरा जुना रंग बघायचा असेल तर सुरुवात इथून करा. ब्राउनने प्रस्तावनेत लिहिलंय की माणसांची चित्रं घातल्यामुळे तुर्क हे नकाशे लढाईसाठी वापरणार नाहीत, कारण त्यांच्या धर्माला माणसांची चित्रं चालत नाहीत. फार भाबडी युक्ती वाटते, पण त्यामुळे आपल्याला कपडे बघायला मिळाले.

आता नंतरची मंडळी. लंडनच्या थॉमस जेफरीजने १७५७ आणि १७७२ मध्ये चार खंड काढले, बरीच चित्रं जुन्या पुस्तकांवरून उचललेली, आणि मथळ्यातच कपड्यांचं साल छापलेलं, त्यामुळे वर सांगितलेला घोळ सगळ्यात जास्त याच्या पानांवरून होतो. कामीय बोनारचा संग्रह, पाओलो मेर्कुरीच्या कोरीव प्लेट्ससह, पॅरिसला १८२९-३० मध्ये आला, २०० प्लेट्स, बहुतेक थेट जुन्या चित्रांवरून आणि भित्तिचित्रांवरून काढलेल्या. इंग्लंडच्या प्री-राफाएलाइट चित्रकारांनी (एकोणिसाव्या शतकातला, जुन्या इटालियन चित्रांकडे वळलेला गट) कपड्यांसाठी हाच वापरला. १८६०-६१ ला तो पुन्हा निघाला, म्हणून पानावरचं प्रकाशकाचं नाव बघायचं. लांते आणि गातीनची फ्रेंच प्रसिद्ध स्त्रियांची मालिका १८२७ ची. आणि म्युनिकच्या ब्राउन-श्नायडर या प्रकाशकांच्या पानांवर एकेका पट्टीत चार-पाच आकृत्या असतात, ती १८६० नंतरची. माझं मत विचाराल तर कमी पैशात चांगलं काही हवं असेल तर बोनार घ्या, रंगकाम नाजूक आणि कपड्यांची माहितीही त्यातल्या त्यात विश्वासू.

तिसरी पायरी: कागद

हे पटकन होतं. पान उजेडासमोर धरा. जाळीसारख्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दूरदूरच्या रेषा दिसल्या तर तो हाताने बनवलेला जुन्या पद्धतीचा कागद. एकदम गुळगुळीत, रेषा नसलेला कागद छपाईत १७५७ पासून यायला लागला, त्यामुळे गुळगुळीत कागदावरचा "१५९० चा वेचेल्लिओ" शक्य नाही. उलट मात्र चालत नाही, जाळीचा कागद एकोणिसाव्या शतकातही वापरात होताच. ठिसूळ आणि कडेने तपकिरी होत चाललेला कागद म्हणजे बहुधा लाकडाच्या लगद्याचा, १८५० नंतरचा. यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर पांढरा लख्ख चमकला तर त्यात विसाव्या शतकातली चकाकीची रसायनं आहेत, खाली ठेवून द्या.

चौथी पायरी: रंग कोणी, कधी भरला

इथे घाई करायची नाही. हाताने भरलेला रंग रेषेच्या थोडा बाहेर जातो, कुठे साचून गडद होतो, कुठे ब्रश उचलल्याची खूण राहते. पान तिरकं धरलं की गडद भागांवर गोंदाची चमक दिसते, कारण रंगात डिंक असायचा. एकोणिसाव्या शतकात स्टेन्सिलनेही रंग भरायचे, तेव्हा रंगाची कड कापल्यासारखी सरळ येते आणि त्याच पानाच्या दुसऱ्या प्रतीत रंग बरोब्बर त्याच जागी तसाच चुकलेला दिसतो. म्युझियमच्या साइटवर दुसरी प्रत शोधून शेजारी ठेवून बघा, एका मिनिटात कळतं.

आता तारीख. सगळ्यात कामाचा हिरवा. जुना हिरवा तांब्याच्या गंजापासून करायचे आणि तो कागद खातो, म्हणून पान उलटं करा, जिथे पुढे हिरवं आहे तिथेच मागे तपकिरी छाप उमटली असेल तर रंग जुना असण्याची चांगली खूण. पुढे गडद जुनाट हिरवा आणि मागे कागद एकदम कोरा, तर शंका घ्या. उलट भडक, पाचूसारखा हिरवा असेल तर तो १८१४ नंतरचा श्वाइनफुर्ट हिरवा असू शकतो, त्यात आर्सेनिक असतं, त्यामुळे बोटाने घासून बघू नका आणि हात धुवा. निळ्यात प्रशियन ब्लू हा १७०६ च्या आसपास बर्लिनमध्ये सापडला आणि कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ चा. जांभळट मॉव्ह तर १८५६ च्या आधी नव्हताच. नुसत्या डोळ्यांनी रंगद्रव्य नक्की सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते, पण विक्रेता "त्या काळचा रंग" म्हणत असेल आणि घागरा भडक जांभळा असेल तर एवढं ज्ञान पुरतं.

आणखी एक, मूळ वुडकट्स काळेपांढरे होते म्हणून रंगवणाऱ्याने काय वाटेल ते भरलंय असंही नसतं आणि बरोबर भरलंय असंही नसतं. वेचेल्लिओ मजकुरात कापड आणि रंग बऱ्याच वेळा सांगतो, तेव्हा मजकूर वाचा. त्याने विधवा काळ्यात सांगितली आणि प्रिंटवर ती गुलाबी आहे, तर रंगवणाऱ्याने मजकूर वाचलेला नाही.

पाचवी पायरी: कपडे वाचा, डोक्यापासून पायापर्यंत

आधी मथळा. इटालियन प्रिंटवर नोबिले म्हणजे उमराव, स्पोझा नवरी, मात्रोना लग्न झालेली प्रतिष्ठित बाई, दोन्झेला कुमारिका, वेदोवा विधवा, कोर्तिजाना गणिका, कोन्तादिना खेड्यातली बाई. या पुस्तकांना शहर, दर्जा आणि लग्न झालंय का नाही हेच सांगायचं असतं, चेहरा कोणाचा हे नाही.

केस आणि कपाळ. १४८० च्या फ्लोरेन्समध्ये कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस उपटायचे. १५२०-३० च्या दशकात उत्तर इटलीत बाल्झो नावाचं फुगीर गोल शिरोभूषण, मांतुआच्या इझाबेल्ला देस्तेने गाजवलेलं. १५८०-९० च्या व्हेनिसमध्ये कपाळावर केसांची दोन शिंगं. आणि ते केस सोनेरी हवेत म्हणून बायका घराच्या गच्चीवरच्या लाकडी माच्यावर उन्हात बसायच्या, डोक्यावर मधला भाग कापलेली नुसत्या काठाची टोपी, केस त्या भोकातून वर काढून काठावर पसरलेले, आणि काठीला बांधलेल्या स्पंजने औषधी पाणी लावत राहायचं. वेचेल्लिओने हे चित्र दिलंय, सगळ्या पुस्तकातलं माझं सगळ्यात लाडकं. इंग्लंडमध्ये त्याच शतकाच्या सुरुवातीला घराच्या छपरासारखं टोकदार शिरोवस्त्र असतं आणि पुढे गोलसर फ्रेंच हूड येतं.

गळा. चौकोनी मोठा गळा असेल तर शतकाचा पूर्वार्ध धरून चाला. कानापर्यंत बंद गळा आणि चुण्यांची गोल कॉलर, म्हणजे रफ, तर १५६० नंतरचं. रफ ताठ राहायला खळ लागायची आणि ती करायची पद्धत लंडनच्या बायकांना १५६४ मध्ये आलेल्या डिंगेन नावाच्या फ्लेमिश बाईने फी घेऊन शिकवली अशी नोंद आहे.

बाह्या. इथे नवशिक्याचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. इटालियन गामुर्रा या झग्याच्या बाह्या सुट्या असायच्या आणि खांद्याला, कोपराला नाड्यांनी बांधायच्या, त्या फटींतून आतला पांढरा लिननचा सदरा फुगवून बाहेर काढायचा. प्रिंटमध्ये खांद्यावर पांढरे फुगे दिसतात ते हेच, फुलं किंवा पिसं नव्हेत. रंगवणाऱ्याने ते फुगे निळे-लाल केले असतील तर त्याला कपडा कळलाच नाही असं समजा. जर्मनीत, खासकरून सॅक्सनीत, कापड मुद्दाम चिरून अस्तर दाखवायचे, तिथला चित्रकार क्रानाख याच्या चित्रांतल्या बायकांचे तर हातमोजेसुद्धा चिरलेले, आतल्या अंगठ्या दिसाव्यात म्हणून, वर सोन्याच्या जाड साखळ्या आणि पिसांची टोपी.

कंबर आणि घेर. शंकूसारखा, एक सुरकुती नसलेला घेर म्हणजे स्पॅनिश पद्धत, आत वेताची किंवा गवताची कडी शिवलेली. तिची सुरुवात १४७० च्या सुमारास कास्तिलच्या राणी जुआनाच्या दरबारात झाली. कमरेला आडवं चाक लावल्यासारखा घेर असेल तर १५८०-१६०० चं फ्रान्स किंवा इंग्लंड. व्हेनिसमध्ये कंबर पुढे टोक काढून खाली पोटापर्यंत उतरते.

पाय. घागऱ्याखाली बाई अचानक फारच उंच वाटली तर आत चोपीन आहेत, लाकडाची उंच पादत्राणं. व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात साधारण अर्धा मीटर उंचीची जोडी आहे, मग दोन बाजूंनी दासी धरून का चालतात ते कळतं.

हे सगळं वाचताना चित्रकाराचा स्वतःचा काळ मध्ये डोकावतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात छाती सपाट दाबलेली, धड पुठ्ठ्यासारखं सरळ. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराला मात्र आपल्या ओळखीची बाई काढायची सवय, म्हणून १८३० च्या प्रिंटमध्ये रेनेसाँच्या झग्यात उतरते खांदे, मुंगीसारखी कंबर, इवलंसं तोंड आणि कानाशी कुरळ्या बटा येतात. नाटकासाठी किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कपडे शिवणार असाल तर अशा प्रिंटवरून पॅटर्न काढू नका, त्या काळातलं रंगचित्र शोधून पडताळा.

गोव्याच्या प्लेट्स

आपल्या जवळचं म्हणजे यान हुइखेन फान लिन्स्खोटेन. हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता आणि त्याचं प्रवासाचं पुस्तक आम्स्टरडॅमला १५९६ मध्ये निघालं, तांब्याच्या मोठ्या दुपानी प्लेट्ससह. त्यात पालखीतून जाणाऱ्या पोर्तुगीज बायका आहेत आणि मजकुरात घरातला वेशही आहे, वर बाजू नावाचं इतकं तलम वस्त्र की अंग दिसावं आणि खाली गुंडाळलेलं चित्रित कापड, शिवाय दिवसभर विड्याची पानं चघळणं. म्हणजे लिस्बनचा बंद गळा आणि कडक घेर गोव्याच्या उकाड्यात घरातल्या घरात तरी सुटला होता. काही प्रतींतल्या प्लेट्स त्या काळीच रंगवल्या गेल्या. पुढे फ्रँकफुर्टच्या द ब्री घराण्याने हीच चित्रं पुन्हा कोरून आपल्या मालिकेत घातली, तेव्हा "लिन्स्खोटेनची प्लेट" म्हणून द ब्रीची दिली जात नाही ना ते विचारा. मूळ प्लेटला मधोमध पुस्तकाची घडी असतेच, घडी हा दोष समजू नका.

घेताना

विक्रेत्याला चार गोष्टी लेखी विचारा, कुठलं पुस्तक, कुठली आवृत्ती, छपाईची पद्धत कोणती आणि रंग मूळ की नंतरचा. चांगला विक्रेता "नंतरचा रंग" असं स्वतःच लिहितो. पानाच्या पाठीचा फोटो मागवाच, नाही दिला तर सोडून द्या. मुंबईत चोरबाजारात वगैरे फ्रेम केलेली प्रिंट आवडली तर फ्रेममधून काढून दाखवायला सांगा, काचेमागे कागद, प्लेटमार्क, पाठ काहीच कळत नाही. घेण्याआधी मेट, ब्रिटिश म्युझियम, राइक्सम्युझियम आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका साइटवर तीच प्लेट शोधून माप ताडून बघा, हे सगळं फुकट आहे. माप प्लेटमार्कचं घ्यायचं, कागदाचं नाही.

घरी आणल्यावर

रंगवलेली प्रिंट कधीही धुवायची नाही, वॉटरकलर आहे तो, वाहून जाईल. साधे काळेपांढरे वुडकट धुतात ते बघून प्रयोग करू नका. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेव्हिकॉल तर नकोच. फ्रेमवाल्याला सांगायचं की अ‍ॅसिड-फ्री माउंट हवा, खिडकी कापलेला, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही, आणि प्रिंट वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने अडकवायची. बहुतेक फ्रेमवाले मागे सरळ हार्डबोर्ड ठोकतात, त्यातलं अ‍ॅसिड कागदात उतरतं, म्हणून उभं राहून करून घ्या. काच यूव्ही अडवणारी घ्या आणि तरीही खिडकीसमोरच्या भिंतीवर नको, लाल आणि पिवळे रंग सगळ्यात आधी उडतात.

कोकणात, मुंबईत, गोव्यात खरा शत्रू पावसाळा. बाहेरच्या भिंतीवर ओल येते, तिथे फ्रेम लावायची नाही, मागे छोट्या बुचांनी हवेला जागा ठेवायची. कागदावर तांबूस ठिपके दिसायला लागले तर घरगुती ब्लीच वगैरे न करता कागद-संवर्धन करणाऱ्याकडे न्या. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या फ्रेमजवळ किंवा पेटीत ठेवायची सवय असते, त्याही नकोत, पेटी कोरडी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. आणि परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना भेट पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा लक्षात ठेवा, शंभर वर्षांच्या वरची कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर बंधनं आहेत, आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा आणि खरेदीची पावती जपून ठेवा.